लाल शाईचं प्रकरण

प्रश्न : मी महाविद्यालयातल्या संशोधन केंद्रात पीएच.डी.ची मार्गदर्शक आहे. एका विद्यार्थिनीचा विषय महिला बचत गट. साहित्य आढाव्याचं, म्हणजे आधीच्या संशोधनाचा धांडोळा घेणारं प्रकरण मी एकूण एक चूक दाखवून परत दिलं. तेव्हापासून दोन महिने ती फिरकलेली नाही. मग खरं सांगायचंच नाही का?

उत्तर : सांगायचं, पण सगळं एकदम नाही. 40 पानांवर दीडशे लाल खुणा दिसल्या की वेलांटीची चूक आणि मांडणीतला दोष एकाच मापाचे वाटतात. मग विद्यार्थी सोपं ते आधी उरकतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारतं, मूळ दुखणं राहतं. नाहीतर तो सरळ तोंड चुकवतो.

पहिलं वाचन पेन बाजूला ठेवून करा. नंतर वेगळ्या कागदावर तीनच मोठे मुद्दे लिहा. शुद्धलेखन आणि संदर्भसूची शेवटच्या खर्ड्याला पाहू.

‘वरवरचं झालंय’ या शेऱ्यावर कोणी करायचं काय? त्यापेक्षा असं लिहा : ‘पान 14 – सात अभ्यास ओळीने आलेत, यांनी असे म्हटले, त्यांनी तसे म्हटले. कर्जफेडीबद्दल यातल्या कोणाचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत? एका परिच्छेदात मांडा. तुमचा प्रश्न तिथूनच निघेल.’

कौतुकही असंच नेमकं हवं. ‘पान 22 वरच्या कोष्टकाला हात लावू नका, गटाचं वय आणि कर्जाची रक्कम शेजारी आल्याने फरक लगेच दिसतो.’ हे सांगितलं नाही, तर फेरलेखनात चांगलंही पुसलं जातं. दोन गोड वाक्यांच्या मध्ये कडू गोळी दडवण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. विद्यार्थी ‘पण’ कधी येतो याचीच वाट बघत बसतो.

काही दोष मात्र दिसले त्याच आठवड्यात सांगायचे. शीर्षकात ‘जिल्हा’ आणि नमुन्यातल्या 120 महिला एकाच तालुक्यातल्या, हा तसा दोष. आज आणखी दोन तालुके फिरता येतात, किंवा रीतसर शीर्षक बदलून घेता येतं. मौखिकीत, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकाने बोट ठेवल्यावर दोन्ही वाटा बंद. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ची एरवी कमाल मुदत 6 वर्षं. त्यातली तीन ‘चालू द्या’ म्हणण्यात घालवली, तर पुढचं सगळं तिलाच निस्तरावं लागेल. असा दोष आधी समोर बसवून तोंडी सांगा, मग लेखी द्या. तो तिला पहिल्यांदा संशोधन सल्लागार समितीसमोर कळता कामा नये.

आता फोन तुम्हीच करा. ‘लिहून झालं का?’ हा प्रश्न टाळा. ‘गुरुवारी तीनला ये, आहे तसं आण, पान 14 तेवढं बघू,’ एवढं पुरे. पुढच्या 15 दिवसांसाठी दोनच पानं द्या. भेटीत काय ठरलं ते तिने पाच ओळींत मेल करावं. तुम्ही बोललात एक आणि तिने ऐकलं भलतंच, असं झालं असेल तर तिथेच कळतं.

प्रश्न : माझे गाइड कधीच रागवत नाहीत, नुसतं ‘बघू’ म्हणतात. प्रकरण तीन महिने पडून आहे.

उत्तर : अख्खं प्रकरण हातात ठेवून ‘सर, जरा बघता का?’ म्हटलं की ‘बघू’च येणार. दोन पानं आणि एकच प्रश्न द्या : ‘हा निष्कर्ष या कोष्टकावरून निघतो का?’ शिवाय दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. समितीच्या शिफारशींची प्रत विद्यार्थ्यालाही द्यावी, असं नियमांतच आहे. ती मागून घ्या.