न्यूझीलंडमध्ये गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत एकच मिडवाईफ असते असं कळलं. डॉक्टर नसताना हे सुरक्षित आहे का? तिला निवडताना काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की दहावा आठवडा चालू आहे, ऑकलंडला येऊन फार दिवस झालेले नाहीत, जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, "आता मिडवाईफ शोधा" एवढंच सांगून पाठवलं आणि पुण्याहून सासूबाई रोज फोनवर विचारतायत की डॉक्टर का नाही. माझं बाळंतपण याच शहरात झालं आणि माझ्या घरूनही हाच प्रश्न येत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरक्षित आहे. आणि डॉक्टर नसतात हा गैरसमज आहे, गरज पडली की असतातच. पण एकच मिडवाईफ असण्याचा खरा उपयोग मला बाळंतपणाच्या दिवशी कमी आणि त्याच्या आधीच्या-नंतरच्या दिवसांत जास्त झाला. निवडताना तेच डोक्यात ठेवा असं माझं सांगणं आहे.

आधी व्यवस्था काय आहे ते. इथे प्रत्येक गरोदर बाईची जबाबदारी कोणातरी एकाच्या नावावर असते. त्या व्यक्तीला एलएमसी म्हणतात, म्हणजे लीड मॅटर्निटी केअरर. खासगी प्रसूतितज्ज्ञालाही एलएमसी करता येतं, पण त्याची फी काही हजार डॉलर होते आणि ती आपल्या खिशातून जाते. मिडवाईफचं सगळं सरकार भरतं. नागरिक, रेसिडेंट आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त मुदतीच्या वर्क व्हिसावर असलेले या सोयीत बसतात, आणि व्हिसा नवऱ्याचा असला तरी बायकोचं बाळंतपण त्यात येतं. काही सोनोग्राफी सेंटरं वरून थोडे पैसे घेतात, तेवढं धरून चाला. एलएमसी घेणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून जास्त बायका मिडवाईफच निवडतात, त्यामुळे तुम्ही काही वेगळं करताय असं मुळीच नाही.

ही पद्धत आली १९९० च्या कायद्यातून. हेलन क्लार्क तेव्हा आरोग्यमंत्री होत्या. त्याआधी मिडवाईफला डॉक्टरच्या देखरेखीखालीच बाळंतपण करता यायचं. कायदा बदलला आणि ती स्वतंत्रपणे काम करू लागली. तिची पदवी मिडवायफरीचीच असते. रक्ततपासणी, सोनोग्राफी ती लिहून देते, औषधं देते, बाळंतपण करते, टाके घालते. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा, कारण मिडवाईफ म्हटलं की आपल्याकडच्या मोठ्या माणसांना गावची सुईण आठवते आणि काळजी तिथूनच सुरू होते. भारत सरकारनेही २०१८ मध्ये मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, हेही त्यांच्या कानावर घाला.

आता माझा अनुभव. माझं बीपी मुळातच कमी असतं. पहिल्या भेटीत ९६/५८ होतं आणि पुढेही तसंच राहिलं. पस्तिसाव्या आठवड्यात ते १२६/८२ आलं. हा आकडा पहिल्यांदाच बघणाऱ्या कोणीही "नॉर्मल" लिहून मला घरी पाठवलं असतं, कारण धोक्याची रेघ १४०/९० ला आहे. माझ्या मिडवाईफने दंडाचा पट्टा काढला, मला थोडा वेळ शांत बसवलं आणि पुन्हा बीपी घेतलं. तेवढंच आलं. मग तिची नजर माझ्या हातावर गेली आणि तिने विचारलं, "अंगठी कुठे गेली?" बोटं सुजल्यामुळे आठवड्यापूर्वी मी ती काढून ठेवली होती, पण हे सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मागच्या प्रत्येक भेटीत तिने तो हात धरला होता, म्हणून तिला ते दिसलं. त्याच दिवशी लघवीतलं प्रोटीन बघितलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि आठवड्याऐवजी दोन दिवसांनी परत बोलावलं.

सदतिसाव्या आठवड्यात बीपीने ती रेघ ओलांडली आणि लघवीत प्रोटीनही आलं. तिने माझ्यासमोरच हॉस्पिटलच्या प्रसूतितज्ज्ञांना फोन लावला आणि संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसले होते. "डॉक्टर कुठे आहे" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कोणत्या परिस्थितीत मिडवाईफने तज्ज्ञांचा नुसता सल्ला घ्यायचा आणि कोणत्या परिस्थितीत पूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायची, याचे देशभर एकच नियम लेखी ठरलेले आहेत. तिच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही. आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्या बायकांना गरोदरपणातला डायबेटिस व्हायचा धोका जास्त असतो. त्याची तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांत होते, ती टाळू नका.

मला कळा आणण्याचं औषध द्यायचं ठरलं. आणि त्या दिवशी माझी मिडवाईफ आलीच नाही. आदली रात्र तिने दुसऱ्या एका बाळंतपणात जागून काढली होती, आणि अशा वेळी तिने येऊ नये हेच बरोबर. तिची बॅकअप आली. मी तिला आधी भेटले होते, तिने माझी फाइल वाचली होती. मी आडवी पडून राहणार नाही, मला फिरायचंय, आणि काय करताय ते करण्याआधी मला सांगा, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. बाकी टीम हॉस्पिटलची होती. मुलगी झाली, दोघी ठीक होतो. हे मुद्दाम सांगते, कारण "शेवटपर्यंत तोच चेहरा" असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल तर तेवढी अपेक्षा कमी करा. कोणीही माणूस वर्षाचे ३६५ दिवस रात्री उठून येऊ शकत नाही.

आता संशोधन काय सांगतं ते. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. या विषयावरचा तिचा मोठा आढावा २०२४ मध्ये नव्याने आला. त्यात १७ अभ्यास आणि साडेअठरा हजार बायका आहेत. ओळखीची मिडवाईफ किंवा मिडवाईफचा छोटा ठरलेला गट असला की नैसर्गिक प्रसूती थोड्या जास्त होतात, सिझेरियन आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून होणाऱ्या प्रसूती थोड्या कमी होतात, आणि बायका जास्त समाधानी असतात असं दिसतं. फरक प्रचंड नाहीत. वेळेआधीची बाळंतपणं कमी होतात असं २०१६ च्या आढाव्यात म्हटलं होतं, ते नव्या आढाव्यात टिकलेलं नाही. म्हणून कोणी हे जादू असल्यासारखं सांगत असेल तर तसं नाही. डॉक्टर मुख्य असलेल्या पद्धतीपेक्षा हे कमी सुरक्षित असल्याचं मात्र दिसत नाही, आणि तुमच्या सासूबाईंचा मूळ प्रश्न तोच आहे.

आता बाळंतपणानंतरचे दिवस. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथे आहे आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. पुण्यात बहुतेक घरांत पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत एकच डॉक्टर असतो, आणि घरी आल्यावर आई असते, मालिशवाल्या मावशी असतात, शेजारच्या काकू डोकावून जातात. सव्वा महिना कोणी ना कोणी बाळंतिणीवर लक्ष ठेवून असतं. इथे दार बंद केलं की नवरा, बायको आणि रडणारं बाळ. नवऱ्याची रजाही लवकर संपते.

त्या काळात मिडवाईफ घरी येते. पहिली भेट हॉस्पिटलमधून घरी आल्यावर २४ तासांच्या आत, आणि पुढे चार ते सहा आठवडे मिळून कमीत कमी सात भेटी, त्यातल्या निदान पाच घरी. बाळाला कापडाच्या झोळीत घालून आकडीच्या काट्याला लटकवायची आणि वजन घ्यायची. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही घाबरलो नाही. डोळ्यांत, अंगावर कावीळ दिसते का ते खिडकीपाशी नेऊन बघायची. माझे टाके, ओटीपोट, स्तन, बीपी सगळं बघायची. पहिल्या आठवड्यात बाळ नीट तोंडात घेत नव्हतं, चिरा पडल्या होत्या. ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिली, बाळाने मोठं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं, आणि मग म्हणाली, आता. व्हिडिओ बघून जे जमत नव्हतं ते त्या बैठकीत जमलं.

मला प्रश्न वहीत लिहून ठेवायची सवय आहे. गरोदरपणात प्रत्येक भेटीला ती वही माझ्या मांडीवर असायची. बाळ दोनेक आठवड्यांचं असताना ती आली. बाळाचं वजन छान भरलं होतं, टाके भरत आले होते, सगळं ठीक होतं. निघण्याआधी ती परत बसली आणि म्हणाली, "आज वही नाही?" मी म्हटलं, विचारण्यासारखं काही नाही. ती म्हणाली, "तुझ्याकडे विचारायला काही नाही, असं मी आजवर पाहिलेलं नाही." आणि मला रडू फुटलं. ते थांबेचना.

तिने त्याच बैठकीत एडिनबर्ग स्केलचे दहा प्रश्न विचारले. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी जगभर तेच वापरतात. त्याच आठवड्यात जीपीकडे वेळ मिळवून दिली. नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की रात्रीचं एक दूध, काढून ठेवलेलं, तू पाजायचंस आणि हिला सलग पाच तास झोप मिळालीच पाहिजे. पुढच्या भेटीआधी मधेच एकदा नुसती बघायला आली. मला वेळेत मदत मिळाली. अनोळखी नर्स आली असती तर तिला एक शांत, नीटनेटकी, हसून बोलणारी बाई दिसली असती. कारण मी हसत होते, आणि नवऱ्यालाही मी दमलेय एवढंच वाटत होतं.

आईचा व्हिसा उशिरा आला. ती पोचली तेव्हा सोबत डिंकाचे लाडू, अळीव आणि धुरीचं सामान होतं. मिडवाईफने आधी आईला मालिश करून दाखवायला सांगितली, शेवटपर्यंत बघितली, पाय चोळायची पद्धत आवडली म्हणून सांगितलं. मग बंद खोलीत धुरी नको आणि बाळ आपल्यामध्ये गोधडीत नको, वेगळ्या बिछान्यावर उताणं झोपवा, हे कारणासकट सांगितलं. आईने ऐकलं. मी तेच सांगत होते तेव्हा ऐकलं नव्हतं.

म्हणून निवडताना असं बघा. पहिल्या भेटीत तुम्हाला तिच्याशी मोकळेपणाने बोलता येतं का? मराठी-हिंदी येतं की नाही यापेक्षा हे महत्त्वाचं. भारतीय मिडवाईफ मिळाली तर चांगलंच, पण त्यासाठी अडून राहू नका. तिला थेट विचारा की तुझी बॅकअप कोण आणि बाळंतपणाआधी मला तिची भेट घालून देशील का. एपिड्यूरल (कळांचं दुखणं थांबवायला पाठीत देतात ते इंजेक्शन) घेतलं किंवा कळा आणण्याचं औषध द्यावं लागलं तर तू सोबत राहतेस की हॉस्पिटलच्या मिडवाईफकडे सोपवतेस? यात प्रत्येकीची पद्धत वेगळी असते आणि ऐन वेळी कळलं तर फार लागतं. बाळंतपणानंतर घरी किती वेळा येतेस, रात्री फोन कोणत्या कारणासाठी करावा, हेही विचारून घ्या. आणि तुमच्या तारखेच्या आसपास ती सुटीवर आहे का ते.

पटलं नाही तर मधेच मिडवाईफ बदलता येते, कारण द्यावं लागत नाही. माझ्या एका मैत्रिणीने पाचव्या महिन्यात बदलली. तिला दर भेटीला घाईघाईत उरकल्यासारखं वाटत होतं, आणि तिने बदलली ते योग्यच केलं.

एक अडचण खरी आहे: मिडवाईफ कमी आहेत. ज्यांना कोणीच मिळत नाही त्यांची काळजी हॉस्पिटलची टीम घेते. तपासण्या सगळ्या होतात, पण दर वेळी समोर वेगळी व्यक्ती असू शकते. तसं झालं तर तुमच्या मूळच्या बीपीचे आकडे, जुनी दुखणी, घरातला डायबेटिस हे स्वतः एका कागदावर लिहून दर भेटीला सोबत न्या आणि नवऱ्यालाही आत बसवा.

दहावा आठवडा म्हणजे तुमची तारीख कधी आहे ते मोजा. डिसेंबर-जानेवारीत येत असेल तर अजिबात थांबू नका, त्या दिवसांत अनेक जणी सुटीवर असतात आणि उरलेल्या लवकर भरतात. 'फाइंड युअर मिडवाईफ' या साइटवर आपला भाग आणि तारीख टाकली की कोणाकडे जागा आहे ते दिसतं. मेसेजमध्ये तारीख, राहण्याचा भाग, पहिलं बाळंतपण आहे, व्हिसा कोणता, आणि आधीचं काही दुखणं असेल तर ते, एवढं एकदम लिहा. म्हणजे त्यांना लगेच हो-नाही सांगता येतं. एकीकडून उत्तर येईपर्यंत वाट बघत बसू नका, चार-पाच जणींना एकाच वेळी पाठवा. तारीख आणि भाग इथे कमेंटमध्ये लिहिलात तर तुमच्या बाजूला कोणाचा चांगला अनुभव आहे ते मी ओळखीच्या मराठी मैत्रिणींना विचारून सांगते.