नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, कस्टम... या सगळ्यांचं मिळून एकच तटरक्षक दल का करत नाहीत?

धुळ्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या भावाने हे विचारलंय. भाऊ, मी चोपड्याचा. तटरक्षक दलातून 'उत्तम अधिकारी' या हुद्द्यावरून निवृत्त झालो, आता केळी लावतो. माझं मत सरळ सांगतो: बोटी, रडार आणि हुकूम एकाच्या हाती द्या, पण पोलीस ठाणं राज्याकडेच राहू द्या.

एकदा पहाटे कोकण किनाऱ्यापासून सात-आठ सागरी मैलांवर आम्ही एक ट्रॉलर थांबवला. जेमिनी, म्हणजे आमची रबरी होडी, लावून वर चढलो. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, काही न बोलता दोरीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी पुढे केली. त्यात परवाना, बोटीची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं होती, घडी घालून घालून कडा झिजलेल्या. मग म्हणाला, "साहेब, काल दुपारपासून ही तिसरी तपासणी. आम्ही जाळं थांबवतो, बर्फ काही वितळायचा थांबत नाही." त्याचं चुकलं नव्हतं. आधीच्या दोघांनी काय तपासलं, हे आम्हाला कळायची तेव्हा सोयच नव्हती. अडचणीतल्या मच्छिमाराला नंबरसुद्धा दोन लक्षात ठेवावे लागतात, आमचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093.

आपल्याकडे गिरणेच्या पात्रातून रात्री वाळू उचलतात, तेव्हा अधिकार महसूललाही असतो, पोलिसांनाही. म्हणून प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. समुद्रावरही हेच होतं.

तरीही नुसत्या विलीनीकरणाने प्रश्न सुटत नाही. रुस्तमजी समितीच्या शिफारशीनंतर 1 फेब्रुवारी 1977 ला तटरक्षक दल उभं राहिलं, 1978 ला कायदा झाला. कस्टमचं स्वतःचं सागरी पथक होतं, ते 1982 साली आमच्या दलात विलीन केलं. म्हणजे तू म्हणतोस तसं एकदा करून झालंय. आणि 1993 साली रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलंच. पैसे घेऊन डोळेझाक करणारे कस्टमचे आणि पोलिसांतले लोक पुढे न्यायालयात दोषी ठरले. घात किनाऱ्यावर झाला होता, तिथे आमची बोट काय करणार?

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याचं उलट, तिथे फट समुद्रावर होती. 'कुबेर' ही मच्छिमार बोट पळवून दहा जण आले आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छिमार वस्तीत उतरले. 2009 मध्ये सरकारने एकूण सागरी सुरक्षा नौदलाकडे दिली, 12 सागरी मैलांच्या आतली जबाबदारी तटरक्षक दलाकडे, आणि सागरी पोलिसांच्या गस्तीचा समन्वयही आमच्याकडेच. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि पोर्ट ब्लेअरला संयुक्त केंद्रं झाली. हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तिथे वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकाच खोलीत बसतात.

मग पूर्ण विलीनीकरण का नाही? पोलीस हा राज्यघटनेतल्या राज्यसूचीतला, म्हणजे राज्य सरकारच्या अधिकारातला विषय. 12 मैलांच्या आतली मासेमारीही राज्याची, त्याबाहेरची केंद्राची. आम्ही समुद्रात कुणाला पकडलं तरी शेवटी किनाऱ्यावरच्या ठाण्यात आणून सोपवायचो, गुन्हा तिथेच दाखल व्हायचा. शिवाय कोळीवाड्यात नवा माणूस कोण आला, कुणाची होडी रात्री उशिरा लागली, हे ठाण्यातल्या हवालदाराला कळतं, आमच्या जहाजाला नाही. अमेरिकेने 1915 मध्ये महसुली नौका आणि जीवरक्षक सेवा एकत्र केल्या, चीनने 2013 मध्ये चार यंत्रणा. पण अमेरिकेतल्या त्या दोन्ही सेवा आधीपासून केंद्राच्याच होत्या. आपल्याला सागरी पोलीस घ्यायचे तर किनारी राज्यांचे अधिकार काढून घ्यावे लागतील.

माझ्या हातात असतं तर मी आधी तांडेलाच्या त्या पिशवीचं बघितलं असतं. एका खात्याने तपासली की नोंद तिथल्या तिथे बाकीच्यांना दिसली पाहिजे, आणि त्याच्यासाठी नंबर एकच हवा.

आणि परीक्षेत हा प्रश्न आला, तर उत्तराची सुरुवात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपासून, म्हणजे केंद्र-राज्य अधिकारांच्या वाटणीपासून कर.