घराचे २० टक्के जमले, पण वरच्या १० टक्क्यांचे काय?

प्रश्न: आम्ही दोघे नवरा-बायको नोकरी करतो. एक जुने घर पसंत पडले आहे. बँक ८० टक्के कर्ज द्यायला तयार आहे. घराच्या किमतीच्या २७ टक्के एवढी रक्कम आमच्याकडे आहे, त्यातले ४ टक्के अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेत. वर्षाला आणखी ४ टक्के शिल्लक पडते. सध्याचे भाडे वर्षाला या घराच्या किमतीच्या ३ टक्के होते. मुद्रांक आणि नोंदणी मिळून ६.५ टक्के लागतील, दलाली १ टक्का. बँकेचा वकील कागद बघणारच आहे, मग आपला वेगळा वकील कशाला? विकणारे म्हणतात, करारात ८५ टक्केच किंमत दाखवू, मुद्रांक वाचेल. माझ्या बदलीचे दीड वर्षात कळेल. इसार दहा दिवसांत मागताहेत. द्यावा का?

उत्तर: इतक्यात देऊ नका.

तुम्ही सगळे आकडे टक्क्यांत दिलेत ते फार बरे झाले, हिशेब तसाच मांडू. बँक देते ते घराच्या किमतीवर. मुद्रांक, नोंदणी, दलाली, वकील यांचा पैसा बहुतेक वेळा कर्जातून नाही, तुमच्या खिशातूनच जातो. तुमचे २० टक्के, मुद्रांक-नोंदणीचे ६.५, दलालीचा १, बँकेची प्रोसेसिंग फी आणि मूल्यांकन मिळून ०.६ धरा, तुमच्या वकिलाचे ०.४. राहायला जायच्या आधीची डागडुजी आणि सामान हलवणे यांना दीड टक्का तरी लागतोच. बेरीज ३० होते. तुमच्याकडे वापरता येण्याजोगे आहेत २३. अडीअडचणीचे ४ मोडले तरी ३ कमी पडतात, आणि ते मोडून पहिलाच हप्ता भरायचा ही कल्पना मला अजिबात पसंत नाही.

यात एक गोष्ट अजून धरलेली नाही. बँक सहसा कराराची किंमत आणि तिच्या माणसाने केलेले मूल्यांकन यांतला जो आकडा लहान, त्यावर ८० टक्के देते. मूल्यांकन ९५ आले तर कर्ज ७६ वर येईल आणि तुमची तूट आणखी ४ ने वाढेल. म्हणून ‘बँक ८० द्यायला तयार आहे’ हे मंजुरीपत्र हातात येईपर्यंत खरे धरू नका.

आता वकिलाचे. या साऱ्या खर्चात सगळ्यात लहान रक्कम वकिलाची, आणि तुम्ही कात्री लावताय तीही नेमकी तिलाच. बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. आपले ८० टक्के सुरक्षित आहेत का, गहाणखत टिकेल का, एवढे त्याला बघायचे असते. त्याचा अहवाल तुमच्या हातात पडेलच असे नाही. मालकी हक्कात खोट निघालीच तर घर जाईल, पण कर्ज तुमच्या नावावर राहील. बँक तुमच्या पगारातून वसूल करू शकते, तुम्ही तुमचे २० टक्के कोणाकडून वसूल करणार?

१८६८ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते, वॉटसन विरुद्ध म्युअरहेड. कागदपत्रे तपासणाऱ्याला मालमत्तेवरचे जुने बोजे सापडले होते. वकिलाने सांगितले, हे लागू नाहीत. खरेदीदाराने त्यावर विश्वास ठेवून ती मालमत्ता घेतली आणि नुकसान सोसले. तपासणाऱ्याने वकिलाच्या मतावर विसंबून काम केले म्हणून न्यायालयाने त्याला जबाबदार धरले नाही. खरेदीदार मोकळ्या हाताने परतला. पुढे १८७६ मध्ये फिलाडेल्फियात मालकी हक्काचा विमा देणारी पहिली कंपनी निघाली, त्यामागे हाच धडा होता. स्वतःचा वकील नेमला म्हणजे सगळे धोके संपले असेही नाही, पण निदान तो तुमच्या बाजूने वाचतो. मालकीची साखळी मागे किती वर्षे तपासली, वारसांच्या सह्या आहेत का, जुन्या कर्जाचा बोजा उतरला का, कोर्टात दावा आहे का, घरात कोणी भाडेकरू आहे का, कर आणि देखभालीची थकबाकी कोणाच्या माथी पडणार, हे त्याच्याकडून लेखी घ्या. फी आधीच ठरवा, आणि त्यात शोध, खरेदीखताचा मसुदा आणि नोंदणीच्या दिवशीची हजेरी धरली आहे का तेही विचारा. व्यवहार मोडला तर शोधाचे आणि मूल्यांकनाचे पैसे परत येत नसतात, हेही मनात असू द्या.

कमी किंमत दाखवण्याबद्दल मी स्पष्टच सांगते: ते बेकायदा आहे आणि तुमच्या तोट्याचेही आहे. १५ टक्के लपवून मुद्रांक-नोंदणीतला जेमतेम १ टक्का वाचेल. पण ८५ वर ८० टक्के म्हणजे कर्ज ६८ मिळेल, १२ टक्के कमी. तेवढी रोकड तुमच्याकडे नाही. जी १५ टक्के रक्कम कागदाबाहेर जाईल तिची पावती नसेल. उद्या व्यवहार फिसकटला तर ती मागायला तोंड राहणार नाही. आणि पुढे घर विकाल तेव्हा कागदावर खरेदी ८५ ची, म्हणजे नफा जास्त दिसणार आणि त्यावरचा कर तुम्हीच भरणार. विकणाऱ्यांचे यात काय जाते?

बदलीचा मुद्दा मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घेताना मुद्रांक-नोंदणी, दलाली, बँकेची फी आणि वकील मिळून ८.५ टक्के परत न येणारे गेले, विकताना दलाली-वकिलात दीड टक्का जाईल असे धरू. एकूण १०. दोन वर्षांत विकावे लागले तर वर्षाला ५ टक्के नुसते कागदांवर आणि दलालीत गेले. तुमचे भाडे ३ टक्के आहे. हेच घर दहा वर्षे राहिले तर हा खर्च वर्षाला १ टक्क्यावर येतो आणि मग मी अडवणारही नाही. बदली झाली तर भाड्याने देऊ, असे तुमच्या मनात असेल तर तेही तपासून पाहा: ८० टक्के कर्जाचा व्याजदर पावणेचारच्या वर असला की ३ टक्के भाडे व्याजालाही पुरत नाही.

म्हणजे तुम्हाला लागतात आणखी ७ टक्के, आणि तुमच्या शिल्लकीने ते साधारण पावणेदोन वर्षांत जमतील. बदलीचा निकाल त्याच्या आधीच हाती असेल. तोवर किमती वाढल्या तर? वाढू शकतात, ही भीती खोटी नाही. पण मग आजच्या रोखीत जे बसते ते बघा: २३ मध्ये ३० टक्क्यांचा खर्च भागायला या घराच्या पाऊण किमतीपेक्षा किंचित महाग घर चालेल. खर्चासाठी पर्सनल लोन काढू नका. ते ऐन कर्जमंजुरीच्या वेळी तुमची हप्ता फेडण्याची ऐपत कमी करून दाखवते.

हेच घर सोडवत नसेल तर विकणाऱ्यांकडे इसाराआधी आठवडाभरासाठी मालकीच्या कागदांच्या प्रती मागा आणि त्या तुमच्या वकिलाला दाखवा. इसार लहान ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या: कर्ज नामंजूर झाले, मूल्यांकन कमी आले किंवा हक्कात दोष निघाला, तर पूर्ण रक्कम परत. ही ओळ लिहायला ते तयार नसतील, तर इसार देऊ नका.