वाचकांचे प्रश्न : खोकं बोलता कामा नये

प्रश्न : काकू, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, वारज्यात राहतो. जुन्या बाजारातून सहा इंची फुल रेंज स्पीकरची जोडी आणली आणि १२ मिलिमीटरच्या कमर्शियल प्लायची दोन खोकी केली. आतलं माप १५ × २० × २४ सेंटिमीटर. विकतच्या सिस्टीमना असतो म्हणून पुढे हवा आतबाहेर जायला पाइपचं भोक, म्हणजे पोर्टही ठेवला. आता तबला लावला की डग्ग्याचा प्रत्येक ठोका एकाच सुरात घुमतो. कॉलेजच्या लॅबमध्ये मोजलं तर मोकळ्या हवेत रेझोनन्स (कोन ज्या सुरावर आपसूक झुलतो तो) ६० हर्ट्झ, पोर्ट बंद करून खोक्यात १०१ हर्ट्झ आणि क्यूटीएस (कोनचं झुलणं किती रेंगाळतं त्याचा आकडा) ०.५५ आलं. शिवाय जुलैत लाखेचं पॉलिश केलं, ते पांढरट पडलं. कुठे चुकलं?

उत्तर : आधी तुझं कौतुक. खोकं घुमतं अशी तक्रार घेऊन दर महिन्याला पत्रं येतात, पण आकडे मोजून पाठवणारा तू पहिलाच. त्या तीन आकड्यांत तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

१०१ ला ६० ने भाग, येईल त्याचा वर्ग कर, त्यातून १ वजा कर. १.८३ उरतात. त्याला तुझ्या खोक्याच्या ७.२ लिटरने गुण. १३.२ लिटर आले. म्हणजे तुझ्या स्पीकरच्या कोनचं झुलणं १३.२ लिटर कोंडलेल्या हवेइतकं ताठ आहे. त्याला तू ७.२ लिटरच्या खोलीत बसवलंस. बंद खोक्यात हाच रेंगाळण्याचा आकडा, म्हणजे एकूण क्यू, किती होतो, तेही बघ : १०१ भागिले ६०, गुणिले ०.५५, म्हणजे ०.९३. हा आकडा ०.७ च्या जवळ असला की खालचे सूर सपाट आणि आटोपशीर येतात. ०.९३ ला रेझोनन्सच्या आसपास आवाजात उंचवटा येतो आणि डग्ग्याची मींड त्या उंचवट्यावर अडकून बसते. त्यात पोर्टची भर. क्यूटीएस ०.५ च्या वर असलेल्या स्पीकरला पोर्ट मानवत नाही, फुगवटा आणखी वाढतो. बाजारातल्या सिस्टीमला पोर्ट असतो तो तिच्या स्पीकरसाठी, तुझ्या नव्हे.

एकूण क्यू ०.७०७ यावा म्हणून उलटा हिशोब केला की २० लिटरचं बंद खोकं निघतं. त्यात रेझोनन्स ७७ हर्ट्झच्या आसपास येईल. सहा इंची स्पीकरला ते शोभतं.

हे गणित आज आपण पाच मिनिटांत करतो, कारण १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी पोर्टच्या खोक्यांचं गणित मांडलं आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते बंद खोक्यासकट सगळ्यांना वापरता येईल असं करून दिलं. स्पीकरच्या कागदावर थील-स्मॉल लिहिलेलं असतं ते हेच दोघे. १९६१ हे साल मी दुसऱ्याच कारणाने विसरत नाही. त्या वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नारायण पेठेत नदीच्या अंगाला वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. पाणी ओसरल्यावर आम्ही आत गेलो तर सागाच्या फळ्या चिखलाने माखलेल्या पण शाबूत होत्या, आणि प्लायच्या तावांचे थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. वडिलांनी एक थर उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लाकूड गेलं नाही, गोंद गेला." पुढे चाळीस वर्षं मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, पण प्लाय विकत घेताना अजून आधी गोंद विचारते.

तर तूही विचार. कमर्शियल म्हणून मिळतो तो एमआर, म्हणजे ओल सोसणारा ग्रेड, त्याला युरियाचं रेझिन असतं. बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणाऱ्या ग्रेडला फिनॉलचं, ते पाण्याला दाद देत नाही. दोन्ही आयएस ३०३ या भारतीय मानकात बसतात, शिक्क्यावर ग्रेड लिहिलेला असतो. घरातलं खोकं काही पुरात जाणार नाही, पण पुण्याच्या चार महिन्यांच्या ओलीत सांधा जागचा हलू नये. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलास की तावाची कड नीट न्याहाळ. मधल्या थरात पोकळी दिसली तर तो ताव घेऊ नकोस. ती पोकळी पुढे एखाद्या सुरावर चरचरते आणि काही केल्या सापडत नाही.

जाडी १८ मिलिमीटर घे. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे १२ चे १८ केलेस की फळी तिपटीहून जास्त ताठ होते. आत्ताच्या खोक्याच्या बाजूवर बोटाच्या पेराने टकटक कर. डबा वाजवल्यासारखा सूर आला असेल तर तीच फळी तबल्याबरोबर गाते आहे. नव्या खोक्याला दोन बाजूंच्या मधोमध एक आडवी दांडी गोंदाने ठोकून बसव आणि पुन्हा वाजव. नुसता ठक असा मुका आवाज आला पाहिजे. गाणं स्पीकरने म्हणायचं, खोक्याने गप्प राहायचं.

आतलं माप २२ × २७ × ३६ सेंटिमीटर ठेव. २१ लिटरच्या थोडं वर जातं, दांडी आणि स्पीकरने अडवलेली जागा वजा केली की २० उरतात. तिन्ही मापं वेगवेगळी आहेत हे लक्षात घे. सारखी ठेवलीस तर आतल्या लहरी एकाच सुरावर येऊन ठाकतात. दोन्ही खोक्यांना ८ बाय ४ च्या तावाचा अर्धा भाग पुरतो. कापून तिथूनच घे. हाताच्या करवतीने सगळे काटकोन सरळ येणं अवघड असतं आणि काटकोन चुकला की हवा सुटते. जोडताना प्रत्येक कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लाव, शिकंजे आवळ. फेविकॉल सांध्यातून मण्यांसारखा सगळीकडे सारखा बाहेर आला तरच सांधा भरला म्हणायचं. एक रात्र हात लावू नकोस.

हवा सुटते का, हे बघायला उदबत्ती पुरते. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लाव, खोलीतला पंखा बंद कर आणि उदबत्ती सांध्यासांध्यावरून फिरव. जिथे धुराची रेघ थरथरेल तिथे फट आहे. स्पीकरच्या रिंगेखाली फोमची पातळ पट्टी लाव. आत उशीत भरतात तो रेक्रॉनचा कापूस साधारण २०० ग्रॅम, पिंजून सैल भर. दाबून कोंबू नकोस.

जुनी खोकी मोडू नकोस. पोर्ट बुजवलास की ७.२ लिटरची मापाची खोकी तयार आहेत, पुढचा कुठलाही स्पीकर त्यांच्यावर मोजता येईल.

आता पॉलिश. यात तुझ्या हाताचा दोष नाही, महिन्याचा आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि लाखेच्या पापुद्र्यात अडकते. तोच हा पांढुरका थर. खरवडू नकोस. चार दिवस सलग कोरडी हवा मिळाली की मलमलची पुरचुंडी स्पिरिटमध्ये जेमतेम ओली करून, कुठेही न थांबता, वरून हलकेच फिरव. लाख पुन्हा विरघळते आणि ओल सुटून जाते. नव्या खोक्यांचं पॉलिश मात्र दिवाळीनंतर कर. विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून १२०, १८० आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घास. लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडी लाख, काचेच्या बरणीत रात्रभर भिजव आणि फडक्यातून गाळ. लोखंडी डब्यात ठेवलीस तर लाख काळवंडते. हात पातळ दे, वाळू दे, पुन्हा दे. आठ-दहा हातांनंतर लाकडाच्या आतून उजेड आल्यासारखा दिसतो. तो दिसला की थांब. आणि त्यावर कुणाला चहाचा कप ठेवू देऊ नकोस, गरम बुडाचं पांढरं कडं उमटतं.

प्रश्न : आमचा कसब्यातला वाडा पाडला. सागवानी दारांच्या फळ्या जपून ठेवल्या आहेत. त्यांचे स्पीकर बॉक्स करावेत असं मनात आहे. चालतील का?

उत्तर : तुमचा जीव त्या फळ्यांत का अडकलाय ते कळतं. पण सगळं खोकं अखंड सागाचं करू नका. फळी पावसाळ्यात रेषांच्या आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आकसते, लांबीत मात्र जवळजवळ तेवढीच राहते. शंभर वर्षांचं लाकूडही हवेबरोबर हलतं. खोक्यात एका फळीचं हलणं दुसऱ्या फळीने अडवलं की सांधा तरी उघडतो किंवा फळी तरी तडकते, आणि बंद खोक्याला केसाएवढी फटही चालत नाही. खोकं प्लायचं करा. त्या सागाच्या कडेच्या पट्ट्या काढा, आणि खोकी ज्यावर ठेवायची ते स्टँड पूर्ण सागाचे करा. दारावरच्या पितळी फुल्या निघत असतील तर स्टँडवर जरूर लावा, खोक्यावर नको, तिथे त्या थरथरतील. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून आत राहिलेले खिळे शोधा.

प्रश्न : ताई, माझ्या मुलाने घरी स्पीकर केलेत. पुढच्या जाळीला आजीच्या इरकली लुगड्याचं कापड लावलं तर आवाज दबेल का? घरात खणही आहे.

उत्तर : कापड तोंडासमोर ताणून धरा आणि पलीकडे तळहात ठेवून फुंकर मारा. फुंकर तळहाताला जशीच्या तशी लागली तर कापड चालेल. खण घट्ट विणीचा असतो, त्यात वरचे सूर अडतात, तंबोऱ्याची जवारी बोथट होते. इरकलीचा काठ आणि पदरही दाट असतो. पण आजींचं लुगडं सुती आणि वापरून विरलेलं असेल, तर त्याचं अंग बहुतेक या परीक्षेत उतरेल. अंगाचं कापड जाळीला लावा आणि काठाची पट्टी फक्त खालच्या चौकटीवर, स्पीकरच्या गोलाच्या बाहेर येईल अशी बसवा. चौकट खिळ्यांनी ठोकू नका. चार कोपऱ्यांना छोटी लोहचुंबकं लावा, म्हणजे कापड काढून हाताने धुता येईल.