मुलं म्हणतात, ‘हॉटेलवर चला’

प्रश्न : ताई, मे महिन्यात आम्ही आठ दिवस लंडनला जातोय. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. दिवाळीत सिंगापूरला दोघांनी जीव नकोसा केला होता. पाय दुखतात, भूक लागली, शू लागली, हॉटेलवर चला! मुलाला हॉटेलचा पोहायचा तलाव सोडून काही आवडलं नाही. आता यांनी लंडनची यादी केलीय, रोज चार ठिकाणं आणि तीन संध्याकाळी नाटकं. एवढा पैसा ओतून न्यायचं, तर मुलांना बघायची गोडी कशी लावावी?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : गोडीचं नंतर बघू, आधी ती यादी निम्मी खोडा. मी लंडनच्या हॅरो भागात राहत होते तेव्हा मे महिना उजाडला की पुण्या-नाशिकची मंडळी मुलाबाळांसकट आमच्याकडे उतरायची, आणि प्रत्येकाच्या खिशात अशीच यादी असायची. संध्याकाळी परत आली की मुलं रडून सुजलेली आणि आईबाप एकमेकांशी बोलत नसायचे. तुमच्या पत्रातला ‘एवढा पैसा ओतून’ हा शब्दप्रयोग मी खूण करून ठेवलाय. भांडणाचं मूळ तिथे आहे. तिकीट काढलं की आपण वसुलीला निघतो. पोरगं तासाभरात कंटाळलं तरी उरलेली चार दालनं त्याला फरफटत दाखवतो.

या बाबतीत लंडन फार सोयीचं शहर आहे, कारण तिथली मोठी संग्रहालयं फुकट आहेत. साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये शिरलात की डोक्यावर निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलेला दिसेल, २५ मीटर लांब. १८९१ मध्ये हा मासा आयर्लंडच्या किनाऱ्याला लागला होता. खाली उभं राहून मुलांना त्याचा जबडा बघू द्या. मग डायनासोर. मग भूकंपाची खोली : १९९५ च्या कोबेच्या भूकंपातलं एक दुकान उभं केलंय आणि खालची जमीन हलते. बहुतेक मुलं तिथे दोनदा जातात. एवढं झालं की सरळ बाहेर. बाकी अर्धं संग्रहालय बघायचं राहिलं म्हणून कुणी पैसे मागायला येत नाही. सुट्टीत रांग लांब असते, तेव्हा फुकटचं तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवा.

नाटकांवर मात्र फुली मारा. मे महिन्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. साडेसातला पडदा उघडेल तेव्हा तुमच्या मुलीच्या अंगातल्या घड्याळात रात्रीचे बारा वाजलेले असतील. उलट पहाटे चारला दोघंही टक्क जागी होतील. पाचच्या सुमारास उजाडतं, तेव्हा त्यांना कोंबून झोपवू नका. दूध-बिस्किट देऊन जवळच्या बागेत न्या. दुपारी जेवून हॉटेलवर झोप काढायची, आणि संध्याकाळी जमलं तर नदीकाठी एक चक्कर. नवाच्या आसपासपर्यंत उजेड असतो.

राजवाड्यासमोरचा पहारेबदल तुमच्या यजमानांच्या यादीत पहिला असणार, पैज लावते. पाच वर्षांच्या मुलीला तिथे लोकांच्या पाठी दिसतात, दुसरं काही नाही. त्यापेक्षा व्हाइटहॉलला हॉर्स गार्ड्सपाशी जा. दहा ते चार घोडेस्वार शिपाई पहाऱ्यावर असतात आणि घोडा हाताच्या अंतरावर असतो. शेजारी पाटी आहे : घोडा लाथ मारेल किंवा चावेल. ही पाटी मुलाला स्वतः वाचू द्या, पुढचा अर्धा तास तो तिथून हलणार नाही. मग मैदान ओलांडलं की सेंट जेम्स पार्क. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत. पहिली जोडी १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने राजाला नजर केली होती. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास त्यांना मासे घालतात. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

आणि गाड्या! प्रवास म्हणजे मोठ्यांना फुकट गेलेला वेळ वाटतो, मुलांना तोच मुख्य कार्यक्रम असतो. अकरा वर्षांखालच्या मुलांना बसला तिकीट नाही, आणि भुयारी रेल्वेत तिकीटवाला मोठा माणूस बरोबर असला की चार मुलं फुकट. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळेपर्यंत एखादी बस सोडून द्यावी लागली तरी सोडा. डॉकलँड्स लाइट रेल्वेच्या गाडीला पुढे ड्रायव्हरची केबिनच नाही. बँक स्टेशनला चढून पहिल्या काचेपाशी बसवा, मुलगा आयलंड गार्डन्सपर्यंत गाडी ‘चालवत’ नेईल. तिथे उतरून थेम्सच्या पोटातून जाणाऱ्या १९०२ सालच्या पादचारी बोगद्यातून चालत पलीकडे ग्रिनिचला निघायचं. बोगदा पांढऱ्या टाइल्सचा आहे आणि आवाज मस्त घुमतो. मुलं ओरडणारच, तुम्हीही एकदा ओरडून घ्या. येताना बोट.

पैसे घालायचेच असतील तर ‘मॉन्युमेंट’ला घाला. १६६६ च्या आगीची आठवण म्हणून बांधलेला हा खांब आहे, आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना. चढून उतरलं की प्रमाणपत्र मिळतं. ‘पाय दुखतात’ म्हणणारा मुलगा त्या कागदासाठी चढतो, हे मी पाहिलंय. पाच वर्षांच्या मुलीला मात्र कडेवर घ्यावं लागेल, तेव्हा तिला खालीच ठेवलेलं बरं. टॉवर ब्रिज उघडण्याच्या वेळा त्यांच्या संकेतस्थळावर असतात, त्या बघून जा. नाहीतर नुसता पूल बघून परत याल.

ब्रिटिश म्युझियमबद्दल यजमानांचा जीव तुटत असेल तर त्यांना एक सकाळ एकट्याला जाऊ द्या. दुसऱ्या सकाळी तुम्ही जा. चौघांनी सतत एकत्रच फिरायचं, हा नियम कुणी केला कुणास ठाऊक. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्या. बागेत हिरवळीवर बसून खाल्लं तर कुणी उठवत नाही.

प्रश्न : माझा दहा वर्षांचा नातू ‘वाघनखं दाखवणार असाल तरच येतो’ म्हणतो. लंडनला ती नक्की कुठे बघायला मिळतील?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, ती जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तीन वर्षांच्या बोलीवर दिली, आणि पहिलं प्रदर्शन साताऱ्याला भरलं. नातवाला हे विमानात बसायच्या आधी सांगा. हीच वाघनखं महाराजांनी वापरली होती असं ते संग्रहालय स्वतः ठामपणे सांगत नाही, हेही दहा वर्षांच्या मुलाला सांगायला हरकत नाही. मुलं अशा शंका आवडीने चघळतात.

लंडनला त्याऐवजी १०, किंग हेन्रीज रोड दाखवा. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना या घरात राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून घ्या. चॉक फार्म स्टेशनहून चालत जाता येतं, आणि जवळच प्रिमरोज हिल आहे. छोटीशी टेकडी, पण वरून लंडन लांबवर दिसतं. उतारावरून नातू लोळत खाली गेला तर जाऊ द्या. फक्त आधी कुत्र्यांनी काही ठेवून दिलंय का, तेवढं बघा.