सोलापुरात मी 33 केव्ही एसी केबलचे जॉइंट करतो. तेच किट, फक्त जास्त व्होल्टेजचं घेतलं, तर एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी) केबलला चालेल का?

नाही चालणार, कारण डीसीमध्ये जॉइंटच्या आतला विद्युत ताण वेगळ्याच नियमाने वाटला जातो. एसीत तो पदार्थाच्या परमिटिव्हिटीवर (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती ऊर्जा साठवतो त्यावर) ठरतो; केबलच्या इन्सुलेशनमधल्या एक्सएलपीई प्लास्टिकची सुमारे 2.3, जॉइंटमधल्या सिलिकॉन रबराची 3 च्या आसपास, आणि उष्णतेने त्यात फारसा फरक पडत नाही. डीसीत तो ठरतो वाहकतेवर, आणि ती तापमानाबरोबर कित्येक पटींनी बदलते. लोड नसताना ताण कंडक्टरजवळ जास्त असतो, पण पूर्ण लोडवर कंडक्टर तापला की तो सरकून इन्सुलेशनच्या बाहेरच्या अंगाला जातो. नेमकी तिथेच एक्सएलपीई आणि रबराची सांधजागा असते. दोघांची वाहकता जुळत नसली की तिथे चार्ज साचत राहतो. वर्षानुवर्षं तापून इन्सुलेशन म्हातारं होतं तशी वाहकताही बदलते, म्हणजे पहिल्या दिवशीचं गणित पुढे टिकत नाही. पोलॅरिटी (धन-ऋण बाजू) उलटवली तर साचलेला चार्ज नव्या ताणात भर घालतो. जॉइंटसाठी हा क्षण सगळ्यात वाईट.

हे मला कळलं ते डीसी जॉइंटच्या प्रशिक्षणात. हाताची शिस्त मात्र तीच, आणि ती इथे जास्तच पाळा: सेमीकॉनच्या (इन्सुलेशनवरच्या अर्धवाहक थराच्या) कडेला पायरी राहू देऊ नका, पुसताना कापड इन्सुलेशनकडून सेमीकॉनकडेच न्या, उलट कधीच नाही.

एक मर्यादा: सोलर प्लांटमधल्या 1500 व्होल्ट डीसीला हे लागू करू नका. तिथे खरे शत्रू पाणी आणि कच्चं क्रिंपिंग (दाबून केलेला जोड).