मे महिन्यात ट्यून केलेली गाडी डिसेंबरात कशी चालेल?

निफाड तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३४, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, हातात येणारा पगार ७८,००० रुपये. वडिलांनी घेतलेली २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक त्यांनी जिवापाड सांभाळली आहे. एका गॅरेजने तिचं इंजिन १०६ वरून १३५ अश्वशक्तीवर नेण्याचं ३,४०,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. त्यासाठी एफडीतले १,९०,००० मोडायचे आणि १,५०,००० चं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घ्यायचं, असा त्यांचा विचार आहे. "टर्बो नको, इंजिन आहे तसंच नैसर्गिक श्वासावर चालायला हवं. एप्रिलमध्ये गाडी देतो, मेअखेर मिळेल. करू का?" असं ते विचारतात. पहिल्या पाळीला ते सकाळी पावणेसहाला याच गाडीने निघतात. बाकीच्या दिवशी वहिनी मुलीला शाळेत सोडायला हीच गाडी नेतात.

गाडीवर पैसे घालवू नका, असं मी सांगणार नाही. ज्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपून तुम्ही लहानाचे मोठे झालात, तिच्यावर खर्च करावासा वाटणं मला पूर्ण समजतं. पण कोटेशन दोनदा वाचलं, आणि त्यात तुमच्या रोजच्या सकाळचा हिशेबच नाही.

आधी पैशांचं बघू. गृहकर्जाचा हप्ता २४,५००, घरखर्च २८,०००. म्हणजे महिन्याला ५२,५०० रुपये काही झालं तरी लागतातच. सहा महिन्यांची गंगाजळी धरली तर ३,१५,००० रुपये हलवायचे नाहीत. तुमची एफडी ३,८०,००० ची आहे, म्हणजे खरे मोकळे पैसे ६५,०००. त्यातून १,९०,००० काढले आणि वर कर्जाचा ५,१२७ रुपयांचा हप्ता लागला, तर उरलेली एफडी साडेतीन महिनेही पुरणार नाही. दीड लाखावर तीन वर्षांत जवळपास ३४,५०० रुपये व्याज जाईल. घरासाठी कर्ज काढणं वेगळं. जी वस्तू विकताना घातलेला पैसा परत देत नाही, तिच्यासाठी १४ टक्क्यांचं कर्ज मी कोणालाही काढू देणार नाही. तुमच्या गाडीला १,१०,००० ची मागणी आली होती, असं तुम्हीच लिहिलंय. साडेतीन लाख घातल्यावर ती साडेचार लाखांची होत नाही. उलट बदललेल्या इंजिनाला गिऱ्हाईक कमी मिळतं.

२९ अश्वशक्तीला ३,४०,००० म्हणजे एका अश्वशक्तीला ११,७०० रुपयांच्या वर. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाचं हे असंच असतं. त्याला हवा वातावरणाच्या दाबानेच मिळते, त्यामुळे प्रत्येक जास्तीची अश्वशक्ती कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या मिश्रणावरचा दाब) वाढवून, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून, एक्झॉस्ट मोकळा करून घासाघासाने मिळवावी लागते. गॅरेजवाले फसवत नाहीयेत, काम खरंच तेवढं असतं. माझा आक्षेप वेगळा आहे.

कोटेशनमध्ये पिस्टन, हेड आणि इंजिन बांधणी १,३५,०००, कॅम ४०,०००, हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि एक्झॉस्ट ३५,०००, नवा इसीयू (इंजिनाचा संगणक) वायरिंगसह ९५,०००, डायनोवरचं (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचं) ट्यूनिंग २५,००० आणि किरकोळ १०,००० असं धरलंय. डायनोवर गाडी चढते तेव्हा इंजिन पूर्ण तापलेलं असतं. ट्यूनर वरच्या आरपीएमला इंधन आणि स्पार्कची वेळ जुळवतो, ताकदीचा आलेख छापून देतो, आणि ते काम एका दिवसात होतं. थंड इंजिनाचं ट्यूनिंग असं होत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एकदाच थंड असते. सेल्फ मारला, पाच मिनिटं चालली, की ती संधी गेली. एखादा आकडा चुकला तर पुढचा प्रयोग दुसऱ्या दिवशी पहाटे. चार-पाच पहाटा गेल्याशिवाय ते नीट बसत नाही, आणि २५,००० मध्ये त्या पहाटा धरलेल्याच नाहीत.

थंडीत नेमकं काय बिघडतं, हे पैशांच्या दृष्टीनेही समजून घ्या. इनटेकची, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गाची, भिंत थंड असली की पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बराचसा भाग भिंतीलाच चिकटून राहतो. म्हणून सुरू करताना, सुरू झाल्यावरची काही सेकंदं आणि पुढे कूलंट तापेपर्यंत जास्तीचं इंधन द्यावं लागतं, आणि ते किती, हे तापमानागणिक बदलतं. वडिलांच्या पिढीत हेच काम हाताने चोक ओढून होत असे. गाडी खोकायला लागली की चोक अर्धा आत ढकलायचा, हे आम्हाला लहानपणीच पाठ होतं. आता ते सगळं इसीयूतल्या तक्त्यांत असतं. ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंशांना तापेपर्यंत चूक दाखवूही शकत नाही, तोवर गाडी त्या तक्त्यांच्या भरवशावरच चालते. मूळ इसीयूमधले हे तक्ते कंपनीने खूप चाचण्या करून भरलेले असतात. नवा इसीयू लावला की ते काम जातं, आणि पुन्हा करायचं तर त्याचे पैसे तुम्हीच द्यायचे.

त्यात मोठा कॅम. त्याच्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकाच वेळी उघडे राहतात. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो, पण आयडलला (पाय ॲक्सिलरेटरवर नसताना) जळका धूर उलटा इनटेकमध्ये येतो आणि व्हॅक्यूम डळमळतो. तुमच्या सिटीत हवेचा अंदाज इनटेकमधल्या दाबावरूनच बांधतात, म्हणजे इसीयूचा आधारच हलायला लागतो. वर घट्ट झालेलं थंड ऑइल. गाडी सुरू होते, क्लच सोडताना झटका देते आणि सिग्नलला बंद पडते. शिवाय पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साडेतेराच्या आसपास, आणि इथेनॉल थंडीत पेट्रोलइतकं सहज उडत नाही. जुन्या पेट्रोलवरून बेतलेला तयार मॅप (इसीयूतले ते तक्ते) कोणी टाकला तर पहिली तक्रार सकाळीच येईल.

घाबरून कोणी इंधन सरसकट वाढवून ठेवलं तर गाडी सुरू होते खरी, पण प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं आणि पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड वर जातो. म्हणजे १,३५,००० ची नवी बांधणीच झिजायला लागते.

माझ्या एका अशिलाने हेच केलं होतं. मेमध्ये गाडी घेतली, सहा महिने खुशीत चालवली. डिसेंबरात ती उभी राहायला लागली तेव्हा गॅरेजचं उत्तर होतं, "सहा महिने झाले साहेब, आता नव्याने पैसे पडतील." कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. निफाडला तर पारा सहा-सात अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मेच्या ४० अंशांत त्या पहाटेचा मॅप कोणीही बसवू शकत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: कर्ज नाही, एप्रिल नाही, आणि या फेरीत कॅम-पिस्टनही नाही.

आत्ता ३०,००० च्या मर्यादेत इंजिनाची तब्येत बघा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, इंजेक्टर साफ करा, कूलंटचा तापमान सेन्सर तपासा. आणि सगळ्यात आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) आहे का ते बघा. गाडी गरम होऊ नये म्हणून आपल्याकडचे कित्येक मिस्त्री तो काढूनच टाकतात. मग इंजिन हिवाळ्यात कधी नीट तापतच नाही आणि इसीयू त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो. चोवीस वर्षांच्या इंजिनात आज १०६ अश्वशक्ती आहेत, हे तरी कोणी मोजलंय? गेलेली ताकद परत मिळवणं सगळ्यात स्वस्त पडतं.

सगळं भागवून तुमच्याकडे महिन्याला १५,५०० उरतात. मुलीच्या नावाची १०,००० ची एसआयपी आधीच वजा केलेली आहे, तिला हात लावू नका. उरलेल्यातले १२,००० वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. एप्रिल ते नोव्हेंबर ९६,००० होतील. मोकळे ६५,००० आणि तुम्ही लिहिलेला ४५,००० चा दिवाळी बोनस धरून २,०६,०००. त्यातून तपासणीचे ३०,००० गेले तरी १,७६,००० हातात राहतात. हेडर, इसीयू आणि डायनो मिळून १,५५,०००, आणि २०,००० पहाटेच्या ट्यूनिंगला. दिवाळीनंतर गाडी द्या, डिसेंबरात ट्यून करून घ्या.

मूळ कॅमवर १३५ होणार नाही. वाढ थोडीच मिळेल, हे मान्य करूनच पुढे जा. पण तोच इसीयू पुढे कॅम टाकताना उपयोगी पडतो, आणि मधल्या वर्षात ट्यूनरचा हात कसा आहे ते कळतं. आलेख बघताना तापमानाची दुरुस्ती केली आहे का, हेही विचारा. १० अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते, त्यामुळे मे आणि डिसेंबरचे कच्चे आकडे शेजारी ठेवले तर फसगत होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत आणि विमा कंपनीला काम सुरू करण्याआधी लेखी विचारा. न सांगितलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो. तुमच्या नोंदणीचं नूतनीकरण २०२७ मध्ये येतंय. वीस वर्षांवरच्या मोटारींचं शुल्क २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० झालं आहे, पर्यावरण कर वेगळा. हे पैसे आजच बाजूला लिहून ठेवा.

गॅरेजला नवं कोटेशन मागताना एक अट घाला: बिलाचे शेवटचे ३५,००० गाडी निफाडला तुमच्या अंगणात रात्रभर उभी राहिल्यावर, दहा अंशांच्या खाली, सलग तीन सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि रेस न देता आयडलला टिकली, तरच मिळतील. त्यातल्या एका सकाळी किल्ली वहिनींच्या हातात द्या. गॅरेजने ही अट मानली नाही, तर ते काम दुसरीकडे विचारा.